चुलीच्या धुराड्याची ओढ आणि मागे राहिलेली झडप

विदर्भातल्या खेड्यांत धुराडं तसं अलीकडचं. मातीच्या चुलीचा धूर कवेलूंच्या फटींतून वाट काढायचा आणि जाता जाता आढं काळं करायचा. चुलीला धुराडं जोडण्याचं मोठं काम वर्ध्यातच झालं. १९३४ साली गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, जे. सी. कुमारप्पा त्याचं काम पाहत. संघाच्या मगनवाडीत 'मगन चूल' घडली: एकाच जाळावर ओळीने भांडी आणि शेवटी धुराडं. १९५० च्या दशकात हैदराबादला एस. पी. राजू यांनी याच धर्तीची चूल पुढे नेली. १९८० च्या दशकात केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि छपरांवर सिमेंटचे पाइप दिसू लागले.

पाइप आला, पण त्याची ओढ, म्हणजे धूर वर खेचण्याचा जोर, आवरणारी झडप बहुतेक घरांत टिकली नाही. आमच्या मते या चुली मोडीत निघण्याचं हे एक मोठं कारण. धूर गेला, पण सरपण जास्त लागतं, ही तक्रार खरीच होती.

ओढ ठरते पाइपची उंची आणि आतल्या-बाहेरच्या हवेतल्या तापमानाच्या फरकावर. ३ मीटर पाइप, आतला धूर १५० अंश धरा. डिसेंबरच्या पहाटे बाहेर १० अंश असताना साधारण १२ पास्कल (दाबाचं एकक) ओढ मिळते. मे महिन्यात ४५ अंशांत जेमतेम ८. म्हणजे तीच चूल हिवाळ्यात जाळ पळवते आणि उन्हाळ्यात तोंडाने धूर टाकते. त्यात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, भसाभस पेटणारी. ओढ मोकळी सोडली तर ज्वाळा भांड्याला न लागता सरळ पाइपात शिरते. बाभळीच्या लाकडाला हा त्रास कमी.

उपाय साधा आहे. तेलाच्या डब्याचा पत्रा पाइपाच्या रुंदीपेक्षा दोन बोटं मोठा कापायचा आणि पाइपाच्या बुडाशी ठेवलेल्या आडव्या खाचेत सरकवायचा. पेटवताना पूर्ण बाहेर. जाळ धरला की भांड्याखाली ज्वाळा पसरेपर्यंत हळूहळू आत. धूर तोंडाकडे वळला की बोटभर मागे. पूर्ण बंद कधीच करायचा नाही, निखारे उरले असतानाही नाही: त्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो. म्हणून पत्र्याचा एक कोपरा आधीच कापून टाकावा.

झडप नीट असूनही धूर कोंडला तर आधी काजळी पाहावी. १० सेंटिमीटरच्या पाइपात चहूबाजूंनी १ सेंटिमीटर थर बसला की वाट एक तृतीयांशाहून जास्त घटते. काजळी नसेल तर पाइपाचं टोक आढ्याच्या खाली राहिलं असेल; तिथे वारा छपरावरून उतरतो आणि धूर परत घरात ढकलतो.