उमेदवारीतील छायाचित्रे

गायक-वादकांची, त्यांचे नाव होण्यापूर्वी निघालेली व्यक्तिचित्रे. हा प्रकार ठरवून जन्माला येत नाही. माणूस मोठा झाला की त्याचा जुना फोटो या प्रकारात जाऊन बसतो. ज्यांचे पुढे काही झाले नाही तेही त्याच स्टुडिओत, त्याच रंगवलेल्या पडद्यापुढे बसलेले असतात.

मुंबईत छायाचित्रणाची संस्था 1854 मध्येच निघाली; डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्याशी निगडित होते. पुढे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी 1896 मध्ये येथे स्टुडिओ काढला, तर बॅलार्ड इस्टेटमधील हॅमिल्टन स्टुडिओ 1928 चा. 1927 मध्ये मुंबईत नभोवाणी सुरू झाली आणि कार्यक्रमपत्रिकेत, रेडिओच्या पाक्षिकात छापायला कलावंताचा फोटो लागू लागला. स्टुडिओतल्या या फोटोंत तबलजीचे हात तबल्यावर नुसते टेकलेले दिसतात. थाप मारली असती तर त्या काळच्या संथ, म्हणजे प्रकाश टिपायला वेळ घेणाऱ्या, काचेच्या प्लेटवर हात पुसटच आले असते.

व्याख्येत न बसणारी उदाहरणेही आहेत. कुमार गंधर्व 1930 च्या दशकात गायनगुरू बी. आर. देवधरांकडे गिरगावात शिकायला आले ते ‘कुमार गंधर्व’ ही पदवी आणि कीर्ती बरोबर घेऊनच. त्यांच्या बालपणीच्या फोटोंना ‘प्रसिद्धीपूर्व’ कसे म्हणायचे? माहीमच्या झाकीर हुसेन यांच्या बाबतीत गंमत उलटी. दयानिता सिंग त्यांचे फोटो काढू लागल्या तेव्हा तबलजी नामवंत होता आणि छायाचित्रकार अहमदाबादेत शिकणारी विद्यार्थिनी. त्या फोटोंचे पुस्तक 1986 मध्ये निघाले.

खरा ठेवा मात्र मैफलींच्या फोटोंत आहे. 35 मिलिमीटरचा लहान कॅमेरा आणि वेगवान फिल्म आल्यावर छायाचित्रकाराला बैठकीत शिरून, असेल त्या उजेडात फोटो काढता येऊ लागले. समोर गाणारे बुवा किंवा बाई, आणि मागे तंबोऱ्यावर शिष्य. कुणी आपल्याला टिपतो आहे हे त्या पोराच्या ध्यानीमनी नसते. लक्ष गुरूच्या मानेकडे, कधी मध्येच सूर भरायची खूण होते त्याकडे. स्टुडिओत तेल लावून, भांग पाडून बसलेल्या चेहऱ्यापेक्षा हा चेहरा कितीतरी बोलका असतो. पण छापताना कात्री नेमकी याच बाजूला लागते.

पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, 1957 च्या प्रताधिकार कायद्याने ते काम सांगणाऱ्याकडे जातो. निगेटिव्ह बहुधा स्टुडिओतच राहते. मैफलीच्या निगेटिव्हच्या लखोट्यावर नाव असते ते गाणाऱ्याचे. तंबोऱ्यावरचा मुलगा शोधायचा तर गुरूच्या नावाचाच लखोटा उघडावा लागतो.