कचरा वर्गीकरणाची घरगुती रचना

घरातला कचरा घरातच वेगळा राहावा आणि उचलणाऱ्याच्या हाती तसाच पोचावा, यासाठी डबे, पिशव्या, खुणा, गाड्या आणि वेळा यांची केलेली आखणी. भारतीय शहरांतील घरगुती कचऱ्यात वजनाने साधारण निम्मा भाग ओला असतो. तो सुक्यात मिसळला की पुठ्ठ्याला भंगारात भाव येत नाही, आणि ओल्यात काचा-प्लास्टिक राहिल्याने खतही धड होत नाही. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच करणे बंधनकारक केले. मात्र दहा बाय दहाच्या खोलीत तीन डबे ठेवायचे कुठे, याचे उत्तर त्या नियमांत नव्हते. रचनेचे काम तिथून पुढे सुरू होते.

पुण्याचे उदाहरण या विषयात सर्वांत बोलके आहे, कारण तिथली आखणी कचरा वेचणाऱ्या बाईच्या बाजूने झाली. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली, डॉ. बाबा आढाव यांचा तिच्या उभारणीत मोठा वाटा होता. कचरावेचकांच्याच मालकीच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने २००८ मध्ये पुणे महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करण्याचे काम घेतले. सदस्य बादल्या घेऊन दारात येते, ओला एकीत आणि सुका दुसरीत घेते आणि ढकलगाडीपर्यंत नेते. तिला घरटी महिन्याचे शुल्क मिळते, शिवाय सुक्यातला माल विकून आलेले पैसे तिचेच. सुका कोरडा राहण्यात तिचा रोजचा फायदा असल्याने ओले वर्तमानपत्र पुढे केले की ती दारातच बोलते. कुठल्याही पत्रकापेक्षा हे बोलणे परिणामकारक ठरते.

सॅनिटरी पॅड आणि डायपर यांच्या बाबतीत रचनेतली उणीव थेट हातांवर येते. काळ्या पिशवीची गाठ मारून टाकलेल्या वस्तूत काय आहे हे बाहेरून कळत नाही. वेचणारीला ती उघडून पाहावी लागते. पुण्यातून पुढे आलेला ‘लाल ठिपका’ हा त्यावरचा उपाय अगदी साधा आहे. वापरलेले पॅड वर्तमानपत्रात गुंडाळायचे, वर लाल पेनाने मोठा ठिपका काढायचा आणि पुडी वेगळी द्यायची. खर्च शून्य, आणि ठिपका दिसला की पुडी उघडायची गरज नाही. ‘स्वच्छ’च्या सदस्यांनी याच कामासाठी जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्याही तयार केल्या. २०१६ च्या नियमांनी पॅडसोबत विल्हेवाटीची पिशवी किंवा वेष्टन देणे ही उत्पादकांची जबाबदारी ठरवली. तिची अंमलबजावणी ढिली राहिली, त्यामुळे ठिपक्याची गरज संपलेली नाही.

डब्याचा आकार गाडीच्या वेळेवर ठरतो. रोज सकाळी कोणी येणार असेल तर ओल्याला लहान बादली पुरते. एक दिवस गाडी चुकली की पावसाळ्यात चिलटे धरतात, आणि मग सगळे एका पिशवीत कोंबून कोपऱ्यावर ठेवले जाते. पायाने उघडणारा उंच डबा दुकानात देखणा दिसतो. ओट्याखालच्या सिलिंडरशेजारी तो मावत नाही. सुक्याला मुळात डबा लागतच नाही, दाराला अडकवलेली पिशवी चालते. बंगळूरूने हेच ओळखून ‘दोन डबे, एक पिशवी’ अशी पद्धत घेतली: ओल्यासाठी हिरवा डबा, सॅनिटरी व तत्सम कचऱ्यासाठी लाल डबा आणि सुक्यासाठी पिशवी. २०१५ च्या डिसेंबरात कर्नाटक उच्च न्यायालयाने ती शहराला लागू केली. बाकी अनेक ठिकाणी हिरवा-निळा अशी जोडी चालते. रंगांवर जेवढी चर्चा होते तेवढी त्यांची मदत होत नाही, असे म्हणावे लागते. फुकट वाटलेले नवे डबे कित्येक घरांत पाणी नाहीतर तांदूळ साठवायला लागतात, आणि कचऱ्याला पेंटची जुनी रिकामी बादलीच येते.

ओला कचरा घरातच जिरवण्याच्या साधनांत दोन रचना विशेष गाजल्या. इंडोनेशियातील सुराबाया शहरात जपानी तज्ज्ञ कोजी ताकाकुरा यांनी २००४ च्या सुमारास कपडे ठेवायची भोकांची प्लास्टिक टोपली घेतली, आत पुठ्ठ्याचे अस्तर लावले, तळाशी आणि वर भाताच्या तुसाच्या उशा ठेवल्या. कचरा कुजवायचे विरजण मात्र स्थानिक आंबवलेल्या पदार्थांपासून केले, त्यामुळे ते बाहेरून आणावे लागत नाही. बंगळूरूत पूनम बीर कस्तुरी यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या ‘डेली डंप’ने एकावर एक तीन मातीच्या कुंड्यांचा ‘खांबा’ आणला. तो कुंभाराच्या चाकावर होतो, आणि रचना इतरांना वापरायला खुली ठेवली आहे. दोन्हींत हवा खेळती राहणे महत्त्वाचे. कोरडा पालापाचोळा किंवा भुसा कमी पडला की टोपलीतून आंबट वास येतो आणि अळ्या होतात; मूठभर भुसा घालून ढवळले की दोन दिवसांत वास जातो. चहाचा चोथा पटकन कुजतो, आंब्याची कोय महिनोन्‌महिने तशीच राहते, आणि करवंटी त्यात टाकूच नये.

विभाग किती असावेत यावर एकमत नाही. पणजी महापालिकेने वसाहतींच्या आवारात १६ प्रकारांची वर्गीकरण केंद्रे उभारली. ते स्वयंपाकघरात शक्य नाही, पण जिन्याखाली शक्य आहे.

बारीक गोष्टींत दुधाच्या पिशवीचे टोक येते. कात्रीने ते पूर्ण कापले तर बोटाच्या पेराएवढा त्रिकोण मोरीतून गटारात जातो आणि कोणाच्याच हाती लागत नाही. टोक थोडे लटकते ठेवून पिशवी विसळून वाळवली, तर ती अख्खी भंगाराच्या दुकानात पोचते.