मेंढ्याचं तोंड, बाईचा पदर

मातीची छोटीशी मूर्ती. बाई उभी आहे, अंगभर घोळदार वस्त्र लपेटलेलं. मानेच्या वर मात्र डोकं मेंढ्याचं! ग्रीसमधल्या आर्केडियाच्या डोंगरात, लायकोसुरा इथल्या देवस्थानात अशा १४०हून अधिक मृण्मूर्ती सापडल्या. काहींची डोकी मेंढ्याची, काहींची गाईगुरांची.

हे ठाणं डेस्पोइनाचं. डेस्पोइना म्हणजे ‘मालकीण’. देवीचं खरं नाव दीक्षा न घेतलेल्यांपुढे उच्चारायचं नाही, असा दंडक होता. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनिअस हा प्रवासी इथं आला. बाकी सगळं तपशिलानं लिहिणारा हा माणूस ते नाव लिहायला मात्र धजावला नाही. इथं बळीच्या जनावराचा गळा चिरत नसत, ज्याच्या हाती जो अवयव येई तो तो तोडून घेई, एवढं त्यानं नोंदवलंय.

मग त्या गुप्त विधीत घडायचं काय? इथं शब्दांपेक्षा माती आणि दगड जास्त सांगतात. मेसिनीचा शिल्पकार डॅमोफॉन यानं घडवलेल्या देवीच्या संगमरवरी वस्त्राचा तुकडा आज अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. त्याच्या काठावर बायकांचे कपडे घातलेले प्राणी ओळीनं नाचताहेत, वाद्यं वाजवताहेत.

हे देवीचे अद्भुत सेवक, की मुखवटे चढवलेल्या भक्त बायका? अभ्यासकांत मतभेद आहेत. मला दुसरा अर्थ पटतो. कारण आर्केडियातच, फेनिओस गावी, एका गोल झाकणात डिमीटर देवीचा मुखवटा जपून ठेवलेला असे. मोठ्या उत्सवात पुजारी तो चेहऱ्यावर चढवी आणि पाताळातल्यांना छड्यांनी झोडपे. म्हणजे देवाचं सोंग घेण्याची रीत या मुलखात होतीच.

जनावरच का, याचा धागा कथेत सापडतो. समुद्रदेव पोसायडन मागे लागला तेव्हा डिमीटर घोडी झाली, तोही घोडा झाला, आणि त्यांची लेक ही डेस्पोइना. शेजारच्या फिगालियात तर डिमीटरची मूर्तीच घोड्याच्या डोक्याची होती, असं सांगत. जिच्या जन्मातच माणूस-जनावराची सीमा पुसली, तिच्यापुढे भक्तानं आपला चेहरा झाकून जावं, हे मला अगदी सुसंगत वाटतं.

लायकोसुराच्या देवळातून बाहेर पडताना उजव्या भिंतीवर एक आरसा होता. पॉसेनिअस लिहितो, त्यात पाहणाऱ्याला स्वतःचं रूप अंधूक दिसे, किंवा दिसतच नसे. देवीच्या मूर्ती मात्र स्वच्छ दिसत.