कोशाची बाभूळ आणि मोशेचे झुडूप

बायबलमधल्या मोशेला देवाचे दर्शन झाले ते जळते झुडूप बाभळीचे होते, कराराचा कोश (देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पेटी) बाभळीच्या लाकडाचा होता आणि ख्रिस्ताच्या मस्तकावरचा काट्यांचा मुकुटही बाभळीचाच होता, अशी साखळी मी प्रवचनांतून आणि संडे स्कूलच्या धड्यांतून वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. ऐकायला ती फार सुरेख वाटते, कारण एकाच झाडाच्या आधाराने निर्गमाच्या पुस्तकापासून वधस्तंभापर्यंत पोहोचता येते. पण या तीन विधानांपैकी मधले एकच शास्त्राला, म्हणजे बायबलला, धरून आहे. पहिले मूळ शब्दाशी जुळत नाही आणि तिसऱ्याला मजकुरात आधार नाही. साखळी जोडण्याच्या हौसेपायी दोन वेगळ्या वनस्पतींचे दोन वेगळे अर्थ एकमेकांत मिसळून जातात, आणि त्यात दोन्हींचे नुकसान होते.

बाभूळ मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. पिवळ्या गोंड्यांची फुले, मण्यांच्या माळेसारख्या शेंगा, जोडीजोडीने येणारे पांढरे सरळ काटे, दातवण आणि डिंक हे सगळ्यांच्या परिचयाचे आहे. एवढेच सांगतो की आपल्या बांधावरची बाभूळ आणि इजिप्तमधली नाईलकाठची बाभूळ ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकच जात आहे. तिच्या शास्त्रीय नावातला ‘निलोटिका’ हा शब्द नाईलवरूनच आला आहे. सीनायच्या वाळवंटात मात्र तिची चुलत भावंडे वाढतात. त्यांची फुले फिकट पांढरी असतात आणि शेंगा पीळ पडलेल्या असतात. वेडी बाभूळ या सगळ्यांपासून निराळी आहे, ती अमेरिकेतून आलेली आहे, आणि तिचा बायबलशी काहीही संबंध नाही.

आता मूळ शब्दांकडे वळू. हिब्रू शास्त्रात बाभळीला ‘शिट्टा’ म्हणतात आणि त्याचे अनेकवचन ‘शिट्टीम’ असे होते. मोशेच्या जळत्या झुडपासाठी वापरलेला शब्द ‘स्ने’ हा आहे. तो निर्गमाच्या तिसऱ्या अध्यायात येतो आणि मोशेच्या आशीर्वादात, म्हणजे ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात (33:16), ‘झुडपात वास करणारा’ असा देवाचा उल्लेख करताना पुन्हा येतो. ज्या निर्गमाच्या पुस्तकात ‘शिट्टीम’ हा शब्द वारंवार आला आहे, त्याच पुस्तकात झुडपासाठी वेगळा शब्द योजला आहे. लेखकाला बाभूळ म्हणायचे असते, तर शब्द त्याच्या हाताशीच होता. मराठी भाषांतरांनी एका ठिकाणी ‘बाभूळ’ आणि दुसऱ्या ठिकाणी नुसते ‘झुडूप’ असे लिहून हा भेद नीट राखला आहे. तो पुसण्याचे काम आपण बोलताना करतो.

खरी अडचण शब्दांची नसून सवयीची आहे, आणि याच ठिकाणी सर्वांत जास्त घोटाळा होतो. मराठी माणसाला बाभूळ म्हटले की आधी काटा आठवतो. अनवाणी पायात मोडलेला बाभळीचा काटा ज्याने सुईने उकरून काढला आहे, त्याला तसे आठवणे साहजिक आहे. त्यामुळे निवासमंडपाचे, म्हणजे रानातल्या प्रवासात कोश ठेवलेल्या उपासनेच्या तंबूचे, वर्णन वाचतानाही आपण नकळत काटे घेऊन बसतो: बाभळीला काटे असतात, उत्पत्तीच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात भूमीला शाप मिळाल्यावर काटे उगवले, म्हणून कोशाचे लाकूड शापाची खूण आहे, असे पुढचे तर्कशास्त्र तयार होते. पण हिब्रू मजकुरात शिट्टाच्या काट्यांचा उल्लेख एकदाही येत नाही. हिब्रूत काटेरी वनस्पतींसाठी अनेक शब्द आहेत. शापाच्या वचनात ‘कोत्स’ आणि ‘दर्दर’ हे शब्द येतात, तर योथामाच्या दृष्टान्तात, जिथे झाडे राजा शोधत हिंडतात, तिथे ‘आटाद’ येतो. या कुटुंबात शिट्टाची गणना कुठेच होत नाही.

शिट्टा शास्त्रात येते ती लाकूड म्हणून. कोशाची लांबी अडीच हात, रुंदी व उंची दीड हात. मेज, होमवेदी, धूपवेदी, मंडपाच्या उभ्या फळ्या, अडसर आणि उचलून नेण्याचे दांडे, हे सगळे बाभळीचे. लोक तंबूत राहत होते, मुक्काम हलत होता, आणि मंडप उतरवून पुन्हा उभा करायचा होता. अशा वेळी जड, चिवट, किडीला न जुमानणारे आणि त्या रानात मिळणारे लाकूड एकच होते. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, म्हणजे मधला गाभा, बाभळीचाच का करीत, हे ज्याने पाहिले आहे त्याला या निवडीचा अर्थ लगेच कळेल. सुतार तो ओंडका महिनोन्‌महिने पाण्यात टाकून ठेवीत असे, आणि मग त्यातून कोरलेला तुंबा वर्षानुवर्षे खडकाळ वाटेचे दणके सोसत असे. तुंबा पाहताना कोणाला काटा आठवत नाही. निवासमंडपाची बाभूळ वाचताना तुंबा डोळ्यांपुढे ठेवावा, असा माझा आग्रह आहे.

स्नेचे बरोबर उलटे आहे. त्याच्या लाकडाला किंमत नाही. त्याचा अर्थ त्याच्या खुजेपणात आणि काट्यांत आहे. तालमूद या यहुदी धर्मग्रंथाच्या शब्बाथ या भागात तापावरच्या एका उपायात या झुडपाला उद्देशून म्हणायचे शब्द दिले आहेत: हे झुडपा, तू सर्व झाडांत उंच आहेस म्हणून पवित्र परमेश्वराने आपले सान्निध्य तुझ्यावर उतरवले नाही, तर तू सर्वांत ठेंगणे आहेस म्हणून. हे वाक्य बाभळीबद्दल कोणीही म्हणणार नाही. सीनायच्या ओसाड ओढ्यांत डोळ्यांत भरणारे मोठे झाड कोणते असेल, तर ते बाभूळच. निर्गमावरच्या मिद्राशातही, म्हणजे यहुदी रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) जुन्या भाष्यातही, हाच सूर आहे. काटेरी झुडूपसुद्धा देवाच्या सान्निध्यावाचून रिकामे नाही, आणि देव काट्यांतून बोलतो तो आपल्या लोकांच्या दुःखात मीही भागीदार आहे हे दाखवण्यासाठी, असे तिथे म्हटले आहे. त्याच परंपरेत एक बारीक निरीक्षण आहे, जे मला फार आवडते. या झुडपात हात सहज आत जातो, पण बाहेर काढताना ओरखडे उठतात, कारण काटे आतल्या बाजूला वळलेले असतात. इस्राएलही इजिप्तमध्ये असेच सहज शिरले आणि बाहेर पडताना रक्तबंबाळ झाले. बोरीच्या जाळीत हात घालून ज्याची बाही अडकली आहे, त्याला ही उपमा अंगावर ओरखडा उठावा तशी कळते. वाळवंटी बाभळींवरही सरळ काट्यांच्या सोबतीला काही आकडेदार काटे असतात, त्यामुळे केवळ या एका उपमेवर निकाल देता येत नाही. पण ठेंगणेपणाचा मुद्दा मात्र निर्णायक आहे.

ग्रीक भाषांतरकारांनी स्नेसाठी ‘बातोस’ आणि लॅटिनमध्ये ‘रुबुस’ हे शब्द वापरले, म्हणजे ब्लॅकबेरीच्या जातीची काटेरी वेल. सीनायच्या पायथ्याशी सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात बांधवलेल्या सेंट कॅथरीन मठात आजही यात्रेकरूंना जे झुडूप दाखवतात, ते याच जातीचे आहे, आणि महाबळेश्वरच्या रासबेरीच्या नात्यातले आहे. ते मोशेचेच झुडूप आहे असा दावा मी करीत नाही. परंपरेने झुडपाची कल्पना कशी केली, एवढे मात्र त्यावरून दिसते.

मग बाभूळ या गोष्टीत शिरली कुठून? एक वाट वनस्पतिशास्त्रातून येते. वाळवंटी बाभळींवर लाल फुलांचे एक बांडगूळ वाढते. ते बहरले की हिरव्या झाडावर ज्वाळा पेटल्यासारख्या दिसतात, आणि त्यावरून जळत्या झुडपाचा उलगडा करण्याचा मोह काहींना झाला. दृश्य खरोखर सुंदर असते, पण ज्या मोशेने कित्येक वर्षे त्याच रानात मेंढरे चारली, त्याला बांडगुळाची फुले ओळखता आली नाहीत असे मानणे मला पटत नाही. दुसरी वाट लॅटिनमधून येते. बायबलचे लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने निर्गमात ‘शिट्टीम’ हा शब्द जवळजवळ तसाच ठेवला, पण यशया 41:19 मध्ये त्याने ‘काटा’ या अर्थाचा शब्द घातला, आणि पश्चिमेच्या वाचकांसाठी शिट्टाला काटे फुटले. तिसरी वाट फ्रीमेसन या बंधुसंघाच्या मंडळींच्या विधींतली आहे, जिथे बाभळीची डहाळी अमरत्वाची खूण मानली जाते. तो अर्थ त्यांच्या हिराम या शिल्पकाराच्या कथेतून आला आहे. तो शास्त्राच्या माथी मारू नये.

लाकडाचा अर्थ लावताना यहुदी आणि ख्रिस्ती परंपरा वेगळ्या झाल्या, आणि त्याचे मूळही भाषांतरातच आहे. हिब्रूत झाडाचे नाव होते. ग्रीक भाषांतरकारांनी नावाऐवजी गुण लिहिला: ‘न कुजणारे लाकूड’. ख्रिस्ती आचार्यांनी वाचले ते ग्रीक. म्हणून तिसऱ्या शतकात हिप्पोलितसला न कुजणाऱ्या लाकडाचा, आतबाहेर सोन्याने मढवलेला कोश म्हणजे तारणाऱ्याचे अविनाशी शरीर, असे म्हणता आले. हिब्रू वाचणाऱ्या रब्बींच्या कानांवर मात्र नाव पडत होते, आणि शिट्टीम हे गावाचेही नाव होते. गणना या पुस्तकाच्या 25व्या अध्यायानुसार त्याच गावात इस्राएलाने मवाबी स्त्रियांपायी पाप केले. तनहुमा मिद्राश म्हणतो की शिट्टीमात पाप झाले, म्हणून शिट्टीमच्या लाकडानेच त्यावर उपाय व्हावा. शिवाय ‘श्तूत’ म्हणजे मूर्खपणा या शब्दाशी असलेले ध्वनिसाम्यही त्यांच्या लक्षात राहिले. दहा हात लांब, म्हणजे जवळपास साडेचार मीटरच्या सरळ फळ्या वाळवंटात कुठून आल्या, हाही त्यांचा प्रश्न होता, आणि राशी या मध्ययुगीन यहुदी भाष्यकाराने दिलेले जुने उत्तर असे की इस्राएलाचा पूर्वज याकोब याने पुढचे ओळखून इजिप्तमध्ये ही झाडे लावून ठेवली होती. कोशाला आतून आणि बाहेरून सोने होते, यावरून तालमूदमधला रब्बी रावा सांगतो की ज्याचे आत आणि बाहेर सारखे नाही तो पंडितच नव्हे. अविनाशी देहाचा अर्थ आणि पापावरच्या औषधाचा अर्थ, दोन्ही मला मान्य आहेत. त्यातल्या एकालाही काट्यांची गरज पडत नाही.

झुडपाच्या बाबतीत दुरावा कमी आहे. निस्साचा ग्रेगरी या ख्रिस्ती आचार्याने जळूनही न जळणाऱ्या झुडपात मरियेच्या कौमार्याची खूण पाहिली, आणि पूर्वेकडच्या मंडळ्यांत ‘न जळालेले झुडूप’ हे तिच्या चित्राचेच नाव झाले. स्कॉटलंडच्या मंडळीने तेच झुडूप छळातही न संपणाऱ्या मंडळीचे चिन्ह म्हणून घेतले. यहुदी वाचन इजिप्तच्या जाचाकडे बोट दाखवते. हे सगळे अर्थ आगीत सापडलेल्या दुबळ्या वस्तूभोवती फिरतात. तिथे चिवट इमारती लाकूड आणून ठेवले, तर चमत्काराची धारच बोथट होते, कारण जे पटकन पेटून राख व्हायचे तेच टिकले, हे तर मोशेला पाहायचे होते.

काट्यांच्या मुकुटाबद्दल थोडक्यात. शुभवर्तमानांत कोणत्याही काट्याला लागू पडेल असा सर्वसाधारण ग्रीक शब्द आहे. शिपायांनी जवळ जे मिळाले ते वळवले. बोरीच्या जातीचे एक झाड परंपरेने पुढे केले जाते. त्यात बाभळीला ओढण्याचे कारण नाही.

शलमोनाने यरुशलेमात मंदिर बांधले तेव्हा लबानोनाहून गंधसरू आणला, दारांना ऑलिव्हचे लाकूड वापरले, आणि त्या बांधकामाच्या वर्णनात बाभळीचे नावही नाही. पण आत जो कोश आणून ठेवला तो रानातलाच होता, आणि त्याचे बाभळीचे दांडे निर्गमातल्या आज्ञेप्रमाणे कधीच काढायचे नव्हते. 1 राजे 8:8 मध्ये लिहिले आहे की ते दांडे इतके लांब होते की त्यांची टोके परमपवित्रस्थानापुढच्या पवित्रस्थानातून दिसत असत; बाहेरून मात्र ती दिसत नव्हती.