एमएसचं इंजेक्शन स्वतः घेताना: औषधाची निवड, सुई आणि पुढचे काही तास

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, या आजारात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब करते. आजार मधूनमधून उफाळून येणाऱ्या प्रकारचा असेल, तर हे उफाळणं, म्हणजे रिलॅप्स, कमी व्हावेत म्हणून वर्षानुवर्षं औषध घ्यावं लागतं. गोळ्या आहेत, सलाइनमधून द्यायची औषधं आहेत, आणि घरच्या घरी स्वतः टोचून घ्यायची इंजेक्शनंही आहेत. इंजेक्शनाचं नाव निघालं की पहिला प्रश्न येतो, "किती वेळा टोचायचं?" प्रश्न रास्त आहे, पण त्याचा नंबर दुसरा. पहिला प्रश्न असा: आजार किती जोरात आहे, आणि टोचल्यानंतर होणाऱ्या त्रासांपैकी कुठला आपल्याला निभावता येईल?

यातलं सर्वांत जुनं औषध इंटरफेरॉन बीटा. अमेरिकेत १९९३ मध्ये मान्यता मिळालेलं बीटा-१बी एक दिवसाआड त्वचेखाली घेतात. बीटा-१ए दोन तऱ्हांनी मिळतं: ३० मायक्रोग्रॅम आठवड्यातून एकदा स्नायूत, किंवा २२ अथवा ४४ मायक्रोग्रॅम आठवड्यातून तीनदा त्वचेखाली. त्याचंच शरीरात जास्त काळ टिकणारं रूप म्हणजे पेगइंटरफेरॉन, १२५ मायक्रोग्रॅम, दर १४ दिवसांनी. दुसरं औषध ग्लॅटिरामर अॅसिटेट. २० मिलिग्रॅम रोज किंवा ४० मिलिग्रॅम आठवड्यातून तीनदा. याची जन्मकथा मजेशीर आहे. इस्राएलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये चार अमिनो आम्लांपासून हे रेणू बनवले गेले ते प्रयोगशाळेतल्या प्राण्यांमध्ये एमएससारखा आजार निर्माण करण्यासाठी. झालं उलटंच: त्यांनी तो आजार रोखला.

या दोन्ही जुन्या औषधांनी चाचण्यांमध्ये रिलॅप्सचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने कमी केलं. अमेरिकेत २०२० मध्ये मान्य झालेलं ऑफाट्युमुमॅब याहून जोरकस आहे. ते प्रतिकारशक्तीतल्या बी-पेशी नावाच्या पेशींना लक्ष्य करतं. २० मिलिग्रॅमचे पहिले तीन डोस आठवड्याच्या अंतराने, मग एक आठवडा मोकळा, आणि त्यानंतर महिन्यातून एक. टेरिफ्लुनोमाइड या एमएसच्याच गोळीशी तुलना करणाऱ्या दोन मोठ्या चाचण्यांत त्याने वार्षिक रिलॅप्सचं प्रमाण निम्म्यावर किंवा त्याखाली आणलं. मात्र महिन्याला एकच सुई म्हणजे औषध सौम्य, असं समजू नये. ते सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी ची तपासणी करावीच लागते. जिवंत लशी (दुबळे केलेले जिवंत जंतू असलेल्या) किमान ४ आठवडे आधी आणि बाकीच्या शक्यतो २ आठवडे आधी उरकाव्या लागतात. पुढे जंतुसंसर्गाकडेही लक्ष ठेवावं लागतं.

एमआरआयमध्ये नवे डाग दिसत असतील, वर्षभरात दोनदा रिलॅप्स झाला असेल, तर केवळ जुनं आणि ओळखीचं म्हणून सौम्य औषधाला चिकटून राहण्यात अर्थ नाही. उलट आजार शांत असेल, लवकर मूल हवं असेल किंवा वारंवार जंतुसंसर्ग होत असेल, तर इंटरफेरॉन आणि ग्लॅटिरामर यांचा अनेक वर्षांचा सुरक्षिततेचा अनुभव मोलाचा ठरतो. पूर्वी तीव्र नैराश्य येऊन गेलं असेल किंवा यकृताचा त्रास असेल, तर इंटरफेरॉनचा विचार करण्याआधी ते डॉक्टरांना सांगायलाच हवं.

आता प्रत्यक्ष टोचणं. यातली बहुतेक औषधं फ्रिजमध्ये २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवायची असतात; नेमकं सोबतच्या पत्रकात बघा. फ्रीजरमध्ये कधीच नाही, आणि फ्रिजच्या बर्फ साचणाऱ्या मागच्या भिंतीला टेकवूनही नाही. एकदा गोठलेलं औषध वितळलं तरी वापरायचं नसतं. घ्यायच्या वेळेआधी २० ते ३० मिनिटं ते बाहेर काढून ठेवा, कारण थंडगार द्रव जास्त झोंबतो. घाई म्हणून गरम पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये धरू नका, त्याने औषधातलं प्रथिन बिघडतं. स्पिरिटने पुसलेली जागा पूर्ण वाळू द्या. ओल्या स्पिरिटमधून सुई गेली की आग होते आणि दोष औषधाला लागतो. प्रीफिल्ड, म्हणजे औषध आधीच भरलेल्या, सिरिंजमध्ये हवेचा छोटा बुडबुडा दिसला तर घाबरू नका. त्वचेखालच्या इंजेक्शनात तो निरुपद्रवी असतो आणि तो काढायच्या नादात औषधाचे थेंब वाया जातात.

त्वचेखाली द्यायच्या जागा म्हणजे पोट (बेंबीभोवतीचे ५ सेंटिमीटर सोडून), मांडीचा पुढचा-बाहेरचा भाग, कुल्ल्याचा वरचा भाग आणि दंडाची मागची बाजू. रोजच्या ग्लॅटिरामरसाठी याचे सात भाग होतात: दोन दंड, दोन मांड्या, दोन कुल्ले आणि पोट. म्हणजे आठवड्याच्या प्रत्येक वाराला एक भाग, आणि त्या भागातही मागच्या वेळेपेक्षा वेगळी जागा. हे डोक्यात ठेवायला जाऊ नका, शरीराच्या चित्रावर तारीख लिहा. दंडाची मागची बाजू एकट्याला अवघड जाते. खुर्चीच्या पाठीवर दंड दाबून धरला की मागचं मांस बाहेरच्या बाजूला सरकतं आणि दुसरा हात मोकळा राहतो.

पेनमध्ये, म्हणजे ऑटोइंजेक्टरमध्ये, सुई दिसत नाही आणि थरथरणाऱ्या हातालाही ते दाबता येतं. एमएसमध्ये बोटं बधिर झालेल्यांना सिरिंजपेक्षा तेच सोयीचं. त्यातली नेहमीची चूक एकच: पहिला "टक" आवाज आला की काम झालं समजून पेन उचलणं. बहुतेक पेनांत पहिला आवाज औषध सुटल्याचा असतो. दुसरा आवाज येईपर्यंत आणि खिडकी रंगाने पूर्ण भरेपर्यंत पेन काटकोनात घट्ट दाबून ठेवायचं. लवकर उचललं तर औषधाची धार कातडीवर वाहते. एखादा थेंब दिसला तर काळजी नाही. धार वाहिली, तर मनाने दुसरा पूर्ण डोस न घेता डॉक्टरांना किंवा नर्सना विचारा. आठवड्याच्या स्नायूतल्या इंजेक्शनाची सुई लांब असते, कारण तिला चरबीच्या थरापलीकडे जायचं असतं. ते मांडीच्या बाहेरच्या भागात, एक आठवडा उजवी तर पुढचा डावी, असं घेतात.

इंटरफेरॉन घेतल्यावर काही तासांनी थंडी वाजते, कणकण येते, अंग मोडून येतं. बहुतेकदा २४ तासांत हे ओसरतं आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत त्याचा जोरही कमी होतो. म्हणून सुरुवात पूर्ण डोसने न करता तो काही आठवड्यांत वाढवत नेतात. इंजेक्शन संध्याकाळी आणि त्याआधी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, ही पद्धत पुष्कळांना लागू पडते. इंटरफेरॉनने यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात, त्यामुळे पॅरासिटामॉलची ठरवून दिलेली मर्यादा ओलांडू नका आणि रक्ततपासणी टाळू नका. या तापात एक फसवी गोष्ट घडते. जुनी लक्षणं डोकं वर काढतात: पाय जड होतो, नजर धूसर होते. मायलिन गमावलेल्या तंतूंमधून तापमान वाढलं की संदेश नीट जात नाहीत. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म ऊथॉफ यांनी १८९० मध्ये याची नोंद केली होती. ताप उतरल्यावर लक्षणंही गेली, तर तो रिलॅप्स नव्हे. ताप नसताना २४ तासांहून जास्त टिकली, तर मात्र डॉक्टरांना कळवा.

लाली, खाज, छोटी गाठ हे त्वचेखालच्या इंजेक्शनांत सर्रास होतं. थंड पट्टीने आराम पडतो. जागा चोळायची की नाही, हे औषधागणिक बदलतं, तेव्हा सोबतचं पत्रक बघा. ग्लॅटिरामरने काही ठिकाणी कातडीखालची चरबी विरघळून कायमचे खड्डे पडतात. जागा बदलत राहण्याचा आग्रह धरतात तो यासाठीच. इंटरफेरॉनच्या जागी कातडी काळीनिळी पडून जखम झाली किंवा पाणी येऊ लागलं, तर तिथे पुन्हा टोचू नका आणि दाखवून घ्या.

ग्लॅटिरामरनंतर कधीकधी काही मिनिटांतच चेहरा लालबुंद होतो, छातीत आवळल्यासारखं वाटतं, धडधडतं, श्वास अपुरा पडतो. हे भयानक वाटतं, पण सहसा पाऊण तासाच्या आत आपोआप शमतं. पूर्वी रुग्णाला एवढंच सांगून शांत राहायला सांगत. आता ते पुरेसं नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या औषधावर तीव्र अॅलर्जीचा ठळक इशारा जोडला. ही अॅलर्जी दुर्मिळ आहे, पण औषध वर्षानुवर्षं व्यवस्थित चालल्यानंतरही होऊ शकते आणि सुरुवातीला त्या निरुपद्रवी प्रतिक्रियेसारखीच दिसते. लक्षणं वाढत गेली, अंगभर पित्त उठलं, ओठ-जीभ सुजली किंवा चक्कर येऊन कोसळायला झालं, तर वाट न पाहता तातडीची मदत बोलवा.

सुईची भीती ही लाजण्यासारखी गोष्ट नाही, आणि तिच्यामुळे डोस चुकतात. काहींचा रक्तदाब सुई पाहताच कोसळतो आणि ते बेशुद्ध पडतात. त्यांना "सैल सोडा" हा सल्ला उलटा बसतो. त्यांनी हातापायांचे आणि पोटाचे स्नायू १० ते १५ सेकंद, चेहरा तापल्यासारखा वाटेपर्यंत, आवळून धरावेत, मग २०-३० सेकंद सोडावेत, असं पाच वेळा. टोचायचा अवयव तेवढा सैल ठेवायचा, कारण आवळलेल्या स्नायूत सुई जास्त दुखते. ज्यांना चक्कर येत नाही, नुसती धडकी भरते, त्यांनी मात्र श्वास सावकाश सोडत टोचावं. घरातल्या कुणाला टोचायला शिकवून ठेवणं चांगलं, पण तीच व्यक्ती नेहमी लागणार असेल तर ती नसेल त्या दिवशी डोस हुकतो.

डोस राहिलाच तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका. आठवड्यातून तीनदा घ्यायच्या औषधांत दोन डोसांमध्ये किमान ४८ तास हवेत. ऑफाट्युमुमॅबचा डोस राहिला, तर आठवेल तेव्हा घ्यायचा आणि पुढचा महिना त्या दिवसापासून मोजायचा. विमानप्रवासात औषध हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या पत्रासह ठेवा, सामानाच्या कक्षात ते गोठू शकतं. वापरलेली सुई टोपण परत न लावता जाड, बंद होणाऱ्या डब्यात टाका. सुई टोचून घेण्याचे अपघात बऱ्याचदा टोपण लावतानाच होतात.