चरणपूरचा घाट यूपीतला नव्हे, मेणवलीचा

'स्वदेस'मधल्या घाटाचा फोटो अधूनमधून मोबाईलवर येतो. खाली ओळ, 'उत्तर प्रदेशातलं खरंखुरं चरणपूर'. खरंखुरं कसलं! कथेतलं चरणपूर यूपीत आहे, हे बरोबर. पण २००४ च्या त्या सिनेमातला घाट आपल्या सातारा जिल्ह्यातला, वाईपासून तीनेक किलोमीटरवरच्या मेणवलीचा. कृष्णेकाठी, नाना फडणवीसांच्या वाड्यालगत. कधी गेलात तर घाटावरची घंटा निरखून बघा: तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगिजांकडून आलेली ही घंटा. यूपीत कुठून सापडायची ती?

'गंगाजल'मधलं बिहारही बरंचसं वाईकडेच उभं राहिलं. कारणं साधी: मुंबईहून काही तासांचा रस्ता, नदी, जुने वाडे, देवळं. 'अस्सल भारतीय गाव' म्हणजे हिंदी पट्टा, हे पडद्यावर इतकं रुळलंय की दगड आमचा नि बोली तिकडची, तरी प्रेक्षकाला खटकत नाही. आणि आम्हाला तरी कुठे खटकलं? शाहरुखला बघायला इकडची माणसं डबे घेऊन जायची.