बेसबॉलमधला 'राखीव' खेळाडू आणि त्याची सुटका

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधला मालक-खेळाडू करार १ डिसेंबर २०२६ पर्यंतचा आहे. करार संपत आला की पगाराचे आकडे गाजतात, पण या भांडणाची सुरुवात मालकी हक्कावरून झाली.

१८७९ साली नॅशनल लीग या बेसबॉल लीगच्या क्लबमालकांनी आपसांत ठरवलं, की प्रत्येक क्लबने पाच खेळाडू राखून ठेवायचे आणि इतरांनी त्यांना हात लावायचा नाही. पुढे ही अट सगळ्यांच्याच करारात शिरली. करार वर्षभराचा, पण संपला तरी खेळाडू त्याच क्लबचा.

पोलाद कामगारांच्या संघटनेतले अर्थतज्ज्ञ मार्विन मिलर १९६६ मध्ये खेळाडूंच्या संघटनेत आले, तेव्हा किमान वार्षिक पगार ६,००० डॉलर होता. १९६८ मध्ये तो १०,००० झाला. माझ्या मते खरी कमाई मात्र १९७० ची. तक्रारींचा निवाडा मालकांच्या कमिशनरने, म्हणजे लीगच्या प्रमुखाने नव्हे, तर त्रयस्थ लवादाने करायचा, हे तेव्हा ठरलं.

कर्ट फ्लड या खेळाडूने राखीव अटीविरुद्ध कोर्टाची वाट धरली. सेंट लुईसच्या क्लबने बारा हंगामांनंतर त्याला न विचारताच फिलाडेल्फियाला देऊन टाकलं होतं. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो ५-३ असा हरला. तोवर कारकीर्दही आटोपली होती.

अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली १९७५ मध्ये नव्या करारावर सही न करताच खेळले आणि लवादाकडे गेले. क्लबचं म्हणणं, आमच्या हक्काची मुदत दरवर्षी आपोआप वाढते. लवाद पीटर साइट्झ यांनी निकाल दिला : मुदतवाढ एकाच वर्षाची. दोघे मोकळे झाले. मालकांनी साइट्झना लगोलग काढून टाकलं!

ओकलंडचे मालक चार्ली फिनली तेव्हा म्हणत होते, सगळ्यांनाच मोकळं करा. मिलर यांना धास्ती होती ती नेमकी याचीच, कारण शेकडो खेळाडू एकदम बाजारात आले की भाव पडणार. बाकीच्या मालकांनी फिनलींचं ऐकलं नाही. १९७६ मध्ये सहा वर्षांच्या सेवेनंतर मोकळीक, अशी तडजोड झाली आणि पगार चढत गेले.

मग मालकांनी पगारखर्चावर कमाल मर्यादेचा आग्रह धरला. त्यावरून १२ ऑगस्ट १९९४ ला सुरू झालेला संप २३२ दिवस चालला, हंगामाची अंतिम लढत, वर्ल्ड सिरीज, रद्द झाली. मर्यादा आली नाही. २०२१-२२ मध्ये मालकांनी केलेल्या ९९ दिवसांच्या टाळेबंदीनंतरही नाही. उलट किमान पगार ७ लाख डॉलर झाला.